चारशे सतरा नंबरची बाटली

४ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

आशीर्वाद शेवटी देतो, आधी कामाचं बोलू. फोन का केला नाहीस म्हणून तणतणू नकोस. फोनवर तू "कसा आहेस मामा" विचारलंस की माझ्या तोंडून आपोआप "मस्त" निघतं. कागदावर एवढं धडधडीत खोटं लिहवत नाही, हात अडखळतो.

तर, मी मस्त नाही. सप्टेंबरपासून नाही. काय होतंय म्हणून विचारशील तर काहीच होत नाही, तेच होतंय. सकाळी मोजे हातात घेऊन वीस वीस मिनिटं बसतो. मोज्यांचं काय करायचं ते माहीत असतं, पण करवत नाही. आणि एकदा बाहेर पडलो की बरोबर उलटं, एका जागी बूड टेकवत नाही. हे पत्र लिहिताना तीनदा उठलो. आत्ता खिडकी लावून आलो. ती लावलेलीच होती.

तुझ्या मामीने कान धरून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर वयाने लहान आहेत, पण तासभर ऐकून घेतलं. म्हणाले, हे नैराश्य आहे, आळस नाही. "आळस नाही" ऐकून मला रडूच आलं. तुझी मामी खुर्चीत ताठ होऊन म्हणाली, "मी तरी काय म्हणत होते!" ती असलं काही म्हणत नव्हती, रोज सकाळी उठून आळशीच म्हणत होती. असो.

त्यांच्या दवाखान्यात एका नव्या औषधाची चाचणी चालू आहे. निम्म्या लोकांना खरं औषध, निम्म्यांना हुबेहूब दिसणारं खोटं, आणि कुणाला काय ते डॉक्टरांनाही ठाऊक नसतं. मी सही ठोकली. म्हटलं, तीस वर्षं दुसऱ्यांचा माल तपासला, आता मला माल म्हणून तपासा. बाटलीवर ४१७ आकडा आहे, टोपी निळी, आत कॅप्सूल.

आता तू फार्मसिस्ट, तेव्हा दोन कामं कर. एक, डॉक्टर म्हणाले की हे औषध सेरोटोनिनच्या रिसेप्टरांवरून काम करतं. मी सगळं समजल्यासारखी मान हलवली. ते काय असतं, ते मला चहा चाखणाऱ्याला कळेल असं लिही. दोन, ४१७ मध्ये खरं आहे की खोटं ते शोधून काढ. तुम्हा लोकांच्या ओळखी असतात.

कामावर ठीक. रोज दोनशे वाट्या, भुरका मारा, थुंका, शेरा लिहा. सध्याचा माल तांबूस, चमकदार. एकतीस मार्चला वर्षाचं मिश्रण ठरवायचं आहे. माझी सही झाली की कंपनीच्या प्रत्येक पुड्यात वर्षभर तोच चहा जाणार.

आशीर्वाद. घे.

मामा


९ फेब्रुवारी

मामा,

पत्र वाचून आधी रडले, मग चिडले, मग जेवले. सप्टेंबर! आणि नोव्हेंबरात मी चार दिवस तुमच्याकडे राहून गेले, तेव्हा तू पत्त्यांत मला सलग हरवत होतास. गुळणी धरून बसलास अगदी. मामीनेही ताकास तूर लागू दिली नाही. तुमच्या दोघांशी मी भांडणार आहे, पण समोरासमोर.

दुसऱ्या कामाचं आधी सांगते. जमणार नाही. मला माहीतच नाही. आणि आता खुर्ची धरून बस. निळ्या टोपीच्या त्या बाटल्या आमच्याच रुग्णालयातून पाच गावांना जातात, आणि त्या कॅप्सूल भरायच्या टेबलावर मी बसते. म्हणजे बसायचे. तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी आमच्या मुख्य बाईंना जाऊन सांगितलं की माझा सख्खा मामा यात आहे. बाईंनी चष्म्यावरून बघितलं आणि मला मलमांच्या टेबलावर नेऊन बसवलं. कोणत्या आकड्यात काय, ती यादी तिसऱ्याच खोलीत बंद पाकिटात असते. बघायला मिळाली असती तरी बघितली नसती. लहानपणी तू माझे डोळे बांधून सात चमचे चाखायला लावायचास, आठवतं? मी पट्टीखालून बघितलं की डाव रद्द. "डोळे थापा मारतात, जीभ मारत नाही," म्हणायचास. आता पट्टी तुझ्या डोळ्यांवर आहे, खालून बघायचं नाही.

आता रिसेप्टर. मेंदूतल्या पेशींच्या मध्ये बारीकशी फट असते. एक पेशी त्या फटीत सेरोटोनिन सोडते. पलीकडच्या पेशीच्या अंगावर ते पकडणारे रेणू असतात, ते रिसेप्टर. पकडलं की निरोप पोचला. उरलेलं सेरोटोनिन सोडणारी पेशी परत ओढून घेते. या जातीची औषधं ते ओढून घेणं अडवतात, म्हणजे फटीत सेरोटोनिन जास्त राहतं. आणि हे पहिल्याच दिवशी होतं.

मग माणूस पहिल्याच दिवशी बरा का होत नाही? कारण सोडणाऱ्या पेशीच्या स्वतःच्या अंगावरही रिसेप्टर असतात. ते आपल्याच पेशीचा माल चाखत बसलेले असतात. सेरोटोनिन वाढलं की लगेच ओरडतात, पुरे, सोडणं कमी करा! औषध एकीकडून वाढवतं, हे शहाणे दुसरीकडून आवळतात. तुला हे कळेल बघ. शंभर वाट्या झाल्या की तुझी जीभ बोथट होते ना? या चाखणाऱ्यांचंही तसंच होतं. रोज तेवढं सेरोटोनिन मिळत राहिलं की दोनतीन आठवड्यांत ते बोथट होतात, "पुरे" म्हणायचं सोडतात, आणि मग कुठे पलीकडे नीट पोचायला लागतं. म्हणून चार ते सहा आठवडे धीर धरायचा. रिसेप्टरांच्या चौदाएक जाती आहेत, सगळ्या एका सुरात बोलत नाहीत. त्यामुळे सुरुवातीला मळमळतं, कधी बेचैनी वाढते.

तुला फसवायचं नाही म्हणून हेही लिहिते. हे आमच्या पुस्तकांतलं चित्र आहे आणि त्यावर अजून वाद चालू आहेत. सेरोटोनिन कमी झालं म्हणून माणूस उदास झाला, इतकं ते सरळ नाही. पण पुष्कळांना या औषधांनी बरं वाटतं आणि त्याला वेळ लागतो, एवढं पक्कं.

आता एकच विचारते, आणि विनोद न करता उत्तर दे. मरावंसं वाटतं का तुला?

भिंगरी


१९ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

विनोद न करता उत्तर देतो. मरावंसं वाटत नाही. पण उद्या आहे म्हटलं की "परत?" असं वाटतं. डॉक्टरांनीही हेच विचारलं होतं, त्यांनाही हेच सांगितलं. त्यांनी एक फोन नंबर लिहून दिलाय, तो मामीने फ्रिजवर चिकटवलाय. काळजी करू नकोस. करशीलच, पण थोडी कमी कर.

तुझे रिसेप्टर आवडले. आपलाच माल चाखून "पुरे, पुरे" ओरडणारे. आमच्या कंपनीत असे दोघे आहेत, दोघेही साहेब.

बाकी, बाई गं, या बेचैनीने मला पुरतं वेड लावायचं बाकी ठेवलंय. पायांत मुंग्यांचं वारूळ फुटल्यासारखं होतं. चाखायच्या खोलीत वाट्यांच्या रांगेपुढे एकदा चालत जायचं असतं, मी चारचारदा जातो. काल तिथल्या तिथे घड्याळ सात वेळा पाहिलं आणि सातही वेळा किती वाजले ते कळलं नाही. माझ्या शेजारी चाखायला एक बाई असते, आम्ही तिला डावखुरी म्हणतो, कारण ती डाव्या हाताने चमचा धरते. चांगली तयार झालीय, मीच शिकवलंय तिला. ती म्हणाली, "सर, तुम्ही बसा, मी रांग करते." मी खेकसलो तिच्यावर. कारण नसताना. मग दिवसभर तिच्या चेहऱ्याकडे बघायची चोरी.

घरी आलो की मामी म्हणते बस. बसलो की उठतो. उठलो की म्हणते कुठे चाललास. मला माहीत असतं तर सांगितलं नसतं का?

एकतीस मार्च जवळ येतोय. यंदा सहा मळ्यांची पत्ती आहे. एकाची काळपट, एकाची सोनेरी टोकांची, बाकीच्यांचा रंग मधला. होईल.

मामा


२३ फेब्रुवारी

मामा,

घाईत लिहितेय. हे पायांतलं वारूळ डॉक्टरांना सांगितलंस का? सांगितलं नसशील, मी ओळखते तुला. आजच फोन कर. या औषधांनी सुरुवातीला अशी बेचैनी येऊ शकते, ती कधी कधी खूप वाढते, आणि डॉक्टर त्यावर काहीतरी करू शकतात. नुसतं सोसत बसायचं नाही. आणि स्वतःच्या मनाने बंदही करायचं नाही.

खरं सांगू का, वाचून मला थोडं बरंही वाटलं. का ते लिहीत नाही. पण दोन आठवडे होऊन गेलेत, आणखी दोन काढ. ते "पुरे, पुरे" वाले आता थकत आले असतील.

मी इथे मलमांच्या डब्या भरतेय आणि दर पाच मिनिटांनी दाराकडे बघतेय, टपालवाला आला का म्हणून. बाई म्हणाल्या, तुला तिकडून हलवलं तरी तू तिकडेच आहेस.

फोन कर. आज.

भिंगरी


१२ मार्च

भिंगरी,

आशीर्वाद नाही. या वेळी नाही.

तीन तारखेला सकाळी मी एक कॅप्सूल उघडली. दोन्ही टोपणं ओढली, पांढरी भुकटी चमच्यात घेतली. मी आहे कोण? तीस वर्षं मी डोळे मिटून सांगतोय, ही पत्ती डोंगराच्या कुठल्या अंगाची. मला कोण फसवणार? औषध म्हटलं की ते कडूच असणार, एवढं तर शाळकरी पोरालाही कळतं. मी ती भुकटी जिभेवर घेतली, रीतसर घोळवली, टाळूला लावली.

काही नाही! ना कडू, ना गोड, ना खारट. खडूची धूळ. एका कॅप्सूलवर विश्वास नको म्हणून दुसरी उघडली. तीच धूळ. महिनाभर मी रोज सकाळी पाण्याबरोबर खडू गिळत होतो आणि तू मला रिसेप्टरांच्या गोष्टी सांगत होतीस. थकत आले असतील म्हणे! काय खाऊन थकतील ते?

त्या दिवसापासून बंद केलं. डॉक्टरांना सांगितलेलं नाही, मामीलाही नाही. मामीसमोर बाटली उघडतो आणि कॅप्सूल खिशात टाकतो. आणि तुला सांगतो, औषध बंद केल्याने काहीही फरक पडला नाही. जसा होतो तसाच आहे. खोटं औषध सोडल्यावर काय फरक पडणार?

तू त्या टेबलावर बसत होतीस. तुला ती धूळ बघून कळलं नसेल? ज्या माणसाने तुला चव म्हणजे काय ते शिकवलं, त्याला तू "खालून बघू नकोस" म्हणालीस. बघितलं मी खालून. डाव रद्द.

पुढचं पत्र नको पाठवूस. उपदेश नको.

मामा


१३ मार्च

भिंगरे,

हे पत्र त्याला न सांगता लिहितेय. शिलाई मशीनवर कागद ठेवलाय म्हणून अक्षर असं नाचतंय. मला पत्र लिहायची सवय नाही, मी आपली सरळ सांगते.

तो बरा नाही. काय ते मला कळत नाहीये, पण परवाचं ऐक. मी भाजीत मीठ घालायला विसरले. साफ विसरले. माझा पहिला घास तोंडात तसाच राहिला, म्हटलं, आता हा ताट सरकवणार. आमच्या लग्नाला आठवडा झाला होता तेव्हा याने अर्धी चिमूट मीठ जास्त झालं म्हणून मला भाषण दिलं होतं, तुझ्या आजीच्या देखत. आणि परवा हा माणूस ती अळणी भाजी सगळी जेवला. वर "छान झालीय" म्हणाला. भिंगरे, त्याने मला शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पाय थांबत नाहीत त्याचे. काही विचारलं की "मस्त" म्हणतो. तू काहीतरी कर बाई.

मामी


१६ मार्च

मामा,

पत्र नको म्हणालास, तरी पाठवतेय. फाडायचं असेल तर पूर्ण वाचून फाड.

मी आता जे लिहिणार आहे ते लिहायची मला परवानगी नाही. हे पत्र पेटीत टाकलं की बाईंकडे जाऊन कबूल करणार आहे. होईल ते होईल.

पूर्वी एका चाचणीत लोकांनी तुझ्यासारख्याच कॅप्सूल उघडून चाटल्या होत्या. कडू ते खरं, बेचव ते खोटं, असं त्यांना लगेच कळलं आणि दोन वर्षांची मेहनत पाण्यात गेली. तेव्हापासून आम्ही खोट्या भुकटीतही कडू मिसळतो. निळ्या टोपीच्या बाटल्यांसाठी ते मी माझ्या हाताने मिसळलंय, मामा. तोंडावर कापड बांधून. तरी संध्याकाळी घरी जाऊन पोळीचा तुकडा मोडला तर तोही कडू लागायचा, इतकं ते जहाल असतं.

खरी कॅप्सूल कडू असते. खोटीही कडू असते. ४१७ मध्ये काय आहे ते मला आजही माहीत नाही. पण काहीही असलं तरी ते तुला कडू लागायला हवं होतं.

म्हणजे खडू बाटलीत नाही.

तुझं पत्र वाचून मी आधीची सगळी पत्रं काढून बसले. माल तांबूस, चमकदार. एक काळपट, एक सोनेरी टोकांची. मामा, तुझ्या पत्रांत चहाचा रंग आहे, चव कुठेच नाही. एका शब्दानेही नाही. आणि डावखुरीच्या "चेहऱ्याकडे बघायची चोरी" कशासाठी होती, तेही आता कळलं, चव तू तिथूनच वाचत होतास. कधीपासून? सप्टेंबरपासून का?

माझंही चुकलं, तेही ऐक. तुझ्या पायांतलं वारूळ वाचून मला बरं वाटलं असं लिहिलं होतं ना? मला वाटलं, बेचैनी आली म्हणजे खरं औषध मिळतंय. पट्टीखालून मीही बघत होते. मी तुझ्या पायांत रिसेप्टर शोधत बसले आणि तू नुसता घाबरला होतास. जीभ गेली, एकतीस तारीख येतेय, आणि सांगायचं कुणाला. एवढं साधं मला कळलं नाही, याची मला लाज वाटतेय.

नैराश्यात असं होतं. अन्नाची चव जाते, काहींची अगदी पूर्ण जाते. तू एकटा नाहीस आणि तू संपलेला नाहीस. आजच डॉक्टरांना सगळं सांग, कॅप्सूल बंद केल्याचंही आणि जिभेचंही. तू नाही सांगितलंस तर मी सांगणार. चुगली म्हण, काय वाट्टेल ते म्हण. मला तू हवा आहेस. तुझी जीभ नसली तरी हवा आहेस, आयुष्यभर बेचव चहा पिऊन "छान" म्हणालास तरी हवा आहेस.

भिंगरी


२६ मार्च

मामा,

दहा दिवस झाले. फोन केला की मामी उचलते आणि म्हणते, फिरायला गेलाय. पाच वेळा फिरायला? माझा जीव टांगणीला लागलाय. डॉक्टरांशी बोलणं झालंय एवढं मामीने सांगितलं, म्हणून अजून गाडीत बसलेले नाही. शुक्रवारपर्यंत ओळ आली नाही तर बसणार.

शिव्या दे, पण लिही.

भिंगरी


२ एप्रिल

प्रिय भिंगरी,

खरंच फिरायला जात होतो. पाचही वेळा. शुक्रवारी तू येऊन बसलीस, दोन दिवस माझ्याबरोबर रस्ते तुडवलेस आणि एक अक्षर विचारलं नाहीस. त्याचं हे उत्तर. तोंडावर बोलता आलं नाही, तू समोर असलीस की मला मामा व्हावं लागतं.

तुझं ते पत्र वाचून मला तोंडात मारल्यासारखं झालं. मी स्वयंपाकघरात गेलो, उरलेली एक कॅप्सूल उघडली, भुकटी मामीच्या जिभेवर ठेवली. तिने जे तोंड केलं ना! सिंकवर वाकून चार तांबे पाणी संपवलं आणि मग मला जो दांडपट्टा फिरवला, तो तुला कसा सांगू. मी उभा होतो. मला रडू येत होतं आणि हसूही, आणि दोन्हींतलं काहीच धड बाहेर येईना.

हो, सप्टेंबरपासून. एका सकाळी पहिली वाटी तोंडात घेतली आणि ती गरम होती, एवढंच कळलं. वाटलं सर्दी असेल. मग वाटलं उद्या येईल. मग मी डोळ्यांनी चाखायला लागलो. रंग, पत्तीचा पीळ, वाफेचा थोडाफार वास, आणि डावखुरीची भुवई. माल चांगला असला की तिची भुवई वर जायची. मी सहा महिने तिच्या भुवईवर सह्या केल्या. जिभेला हाड नसतं म्हणतात, माझ्या जिभेला काहीच उरलं नव्हतं, आणि हे कुणाला कळलं तर मी कोण राहिलो? हीच भीती दिवसभर पायांत भरलेली असायची. औषधाचंही थोडं असेल, डॉक्टर म्हणाले, कोण सांगणार.

डॉक्टर रागावले नाहीत. चाचणीतून माझं नाव काढलं, बाटली परत घेतली. आता साध्या गोळ्या, उघड, खऱ्या, दर आठवड्याला भेटायचं. पुन्हा पहिल्यापासून चार ते सहा आठवडे. रिसेप्टरांची पाटी कोरी.

आणि परवाची एकतीस तारीख. वाट्या मांडल्या, साहेब येऊन उभे राहिले, सहा मळ्यांची पत्ती. मी चमचा उचलला. वाटलं, एक भुवई आणि एक सही, निभावून नेऊ. मग मी चमचा ठेवला. डावखुरीकडे बोट दाखवून म्हटलं, "साहेब, यंदाची सही ही करेल. मला चव लागत नाही. आजारी आहे, औषध चालू आहे." साहेब "बरं" म्हणाले, आणखी काय म्हणणार. पुढे काय करतील माहीत नाही. सध्या पत्ती निवडायच्या खोलीत बसतोय, तिथे डोळे पुरतात.

सगळे गेल्यावर डावखुरीला म्हटलं, माफ कर, मी तुझ्या भुवईवर जगत होतो. ती वाट्या विसळत होती. मान वर न करता म्हणाली, "सर, माझी भुवई मुळात वर जात नाही. ऑक्टोबरपासून मी मुद्दाम नेत होते."

मामा


८ एप्रिल

मामा,

पत्र मलमांच्या टेबलावरच वाचलं आणि एक डबी नुसत्या अश्रूंनी भरली. टाकून दिली, घाबरू नकोस.

माझं म्हणशील तर लेखी ताकीद मिळाली. पुढचं वर्षभर चाचण्यांच्या खोलीत पाऊल ठेवायचं नाही. बाई कागद देताना म्हणाल्या, "तू चुकलीस. मीही हेच केलं असतं. फायलीत फक्त पहिलं वाक्य जाईल."

एक नवीन कळलंय ते सांगते. जिभेवरच्या चवीच्या कळ्यांतही सेरोटोनिन असतं आणि त्याचे रिसेप्टरही असतात. काही लोकांना या जातीचं औषध दिल्यावर त्यांची जीभ कडूला आणि गोडाला जास्त तल्लख झाली, असं एका लहानशा अभ्यासात वाचलं. त्याची वाट बघत बसू नकोस. अभ्यास लहान होता, आणि तू लोकांसारखा कधी वागलायस? मी फक्त सांगून ठेवतेय.

पाय कसे आहेत?

भिंगरी


११ मे, रविवार

प्रिय भिंगरी,

मधली पत्रं मुद्दाम साधी लिहिली, लागली असतील तुला अळणी. पाय बरे आहेत. मोजे पाच मिनिटांत चढतात. काही दिवस अजून वाईट जातात, मंगळवारचा गेला. पण उद्या आहे म्हटलं की "परत?" असं रोज वाटत नाही. ते कुठल्या दिवशी थांबलं ते लक्षातच आलं नाही.

खाली एक शेरा लिहिला आहे. आठ महिन्यांतला माझा पहिला खरा शेरा. कंपनीचा कागद घरी नव्हता म्हणून इथेच लिहितो. गुरुवारी सकाळी पाणी घ्यायच्या आधी गोळी जिभेवर ठेवली आणि दारावर कोणी आलं म्हणून तशीच राहिली.

नमुना: पांढरी गोळी, साधी.
रंग: पांढरा.
वास: नाही.
चव: कडू. जिभेच्या मुळाशी आणखी कडू. दोन तांबे पाणी प्यायलो तरी हटली नाही. दारावरचा माणूस "काय झालं, काय झालं" करत राहिला.
शेरा: पसंत.

चहा अजून धूसर लागतो. लागतो, पण धूसर. डावखुरी म्हणते, घाई नाही.

अनेक, अनेक आशीर्वाद.

मामा

ता. क. मी मामी. उरलेली जागा मला दिलीय. त्या अळणी भाजीनंतर दर रविवारी मी भाजीत मुद्दाम अर्धी चिमूट मीठ जास्त घालत होते. आठ रविवार हा मान खाली घालून जेवला. मी दर वेळी त्याच्या तोंडाकडे बघायचे आणि मग माझं ताट मलाच जाईना. आज पहिला घास घेतला आणि ताट सरकवून म्हणाला, "हे काय, समुद्र ओतलायस? लग्नाला तीस वर्षं झाली तरी तुला मिठाचा हात बसेना!" भिंगरे, मी अर्धा तास भांडून घेतलं त्याच्याशी. पोटभर.